ओल्या पिशवीची जागा

नागाव, ता. अलिबाग

चि. भाचीस,


दिवेआगरच्या घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडायचं ठरवलंस, फार बरं केलंस. गाद्या, गिझर, मच्छरदाण्या, जेवणाचे दर, सगळ्याबद्दल तू सविस्तर विचारलं आहेस. ते फोनवर बोलू. चहाबद्दल मात्र तुझं एवढंच होतं की खोलीत इलेक्ट्रिक किटली आणि टी-बॅगा ठेवाव्यात असं तुला वाटतं, पण पाहुण्याला त्याचा चहा त्यालाच करायला लावणं सासूबाईंना आपल्या घराला शोभेसं वाटत नाही. आज त्यावरच लिहिते. गाद्या-गिझरची चूक पैसे टाकून दुरुस्त होते. चहाची घडी पहिल्या महिन्यात जशी बसेल तशी ती पुढे वर्षानुवर्षं तुझ्या अंगावर राहील.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नकोस. दारी आलेल्याला आधी पाणी, मग चहा, ही रीत त्यांनी जन्मभर पाळली आहे आणि ती चांगलीच आहे. पण त्यांच्या वेळचा पाहुणा घराच्या वेळेला उठायचा. आता शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांचं तसं नसतं. ताम्हिणी घाटातून रात्री उशिरा पोचलेलं कुटुंब नऊपर्यंत झोपून राहतं. मुरुड पाहून आगरदांड्याला जंगलजेटीची फेरीबोट पकडणारे दिघीला उतरून भर दुपारी दारात उभे राहतात. त्यांच्यातले आजोबा पहाटे पाचला किनाऱ्यावर फिरायला निघतात आणि निघण्याआधी त्यांना घोटभर चहा लागतो. दर वेळी पातेलं चढवा, आलं ठेचा, दूध तापवा, गाळा, भांडं घासा. नागाव-रेवदंड्यापासून थेट हरिहरेश्वरापर्यंत ज्या ज्या घरी अशी राहण्या-जेवणाची सोय आहे, तिथल्या बाईची पहाटेची झोप या चहापायी जाते. पोहे-घावन करायला उभी राहते तेव्हाच ती दमलेली असते. वहीत खोलीचं भाडं लिहिलं जातं, माशाच्या ताटाचे पैसे लिहिले जातात. चहाच्या या फेऱ्या कुठेच लिहिल्या जात नाहीत. मला हे मनापासून खटकतं आणि तुझ्या घरी तसं होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

तेव्हा सासूबाईंना सांग, आठ वाजता पडवीत बसून प्यायचा आलं-गवती चहा घातलेला उकळीचा चहा आपणच करणार आहोत, तो काही बंद होत नाही. खोलीतला टी-बॅगांचा ट्रे अवेळेसाठी आहे. त्यात पाहुण्याचीही सोय आहे. परक्या घरात पहाटे पाचला स्वयंपाकघराचं दार वाजवायला माणूस संकोचतो आणि चहावाचूनच बाहेर पडतो.

टी-बॅगच्या या पिशवीचा जन्मच एका कपाच्या अडचणीतून झाला आहे, हे तुला आवडेल. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅकलॅरेन नावाच्या दोघींनी १९०१ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०३ मध्ये तो मंजूर झाला. त्यांचं म्हणणं असं, की कपभर चहासाठी अख्खी किटली करावी लागते, उरलेला शिळा होतो आणि पत्ती फुकट जाते. त्यापेक्षा विरळ विणीच्या सुती कापडाची पिशवी शिवून तिच्यात एका कपापुरतीच पत्ती घालावी. पुढे १९०८ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या टॉमस सलिव्हन या व्यापाऱ्याने रेशमी पिशव्यांतून चहाचे नमुने पाठवले आणि गिऱ्हाइकांनी ते पिशवीसकट पाण्यात बुडवले, ही गोष्ट जास्त गाजली. ब्रिटनमध्ये टेटलीने टी-बॅग आणली ती १९५३ मध्ये, आणि ती टेटली २००० साली आपल्या टाटा टीने विकत घेतली. सलिव्हनची गोष्ट रंजक आहे खरी, पण मला त्या दोघी जवळच्या वाटतात. एका माणसाच्या एका कपासाठी किती राबायचं, हा त्यांचा प्रश्न आजही आपल्या स्वयंपाकघरात तसाच उभा आहे.

आता पसाऱ्याचं. टी-बॅगा ठेवल्यास आणि पुढचा काहीच विचार केला नाहीस, तर पाहुणे गेल्यावर खोलीत काय दिसेल ते आधीच सांगते. टेबलावर कपाच्या बुडाचे तपकिरी गोल डाग. चादरीच्या कडेला एक-दोन थेंब. बेसिनच्या जाळीत दोऱ्यासकट अडकलेली एक पिशवी आणि खिडकीच्या कट्ट्यावर वाळून चिकटलेली दुसरी. पाहुण्याला बोल लावू नकोस. ओली, गरम, गळती पिशवी हातात आली की ती ठेवायची कुठे हे त्याला कळत नाही. कचऱ्याची बादली शोधत तो न्हाणीघरापर्यंत जातो आणि वाटभर थेंब पडतात. ओल्या पिशवीला कपाच्या शेजारीच जागा दे, म्हणजे निम्म्याहून जास्त पसारा होणारच नाही.

त्यासाठी काही महागडं आणायला नको. काठ असलेला स्टीलचा ट्रे घे, सपाट लाकडी नको, तो आपल्या दमट हवेत फुगतो आणि चहा पितो. त्यात ‘मग’ न ठेवता कप-बशी ठेव. बशीचा मान हल्ली कमी झाला आहे, पण टी-बॅगच्या चहाला तिच्यासारखी दुसरी वस्तू नाही. चहा मुरत असताना ती कपावर झाकण म्हणून बसते, नंतर कपाखाली जाते आणि ओघळ आला तर तो झेलते. शेजारी झाकणाची एक लहान स्टीलची डबी ठेव, हळदी-कुंकवाला वापरतो त्यापेक्षा थोडी मोठी. वापरलेली पिशवी त्यात जाईल. डबीवर ‘वापरलेली टी-बॅग इथे’ अशी चिठ्ठी चिकटव, मराठी आणि हिंदी दोन्हीत. डबी उचलून कपाला टेकवायची आणि पिशवी वर उचलून तिथल्या तिथे आत सोडायची. पिशवी घेऊन डबीकडे जायचं नाही, डबी पिशवीकडे आणायची, एवढ्या एका सवयीने टेबल कोरडं राहतं.

ही डबी रोज रिकामी करायची, न चुकता. आपल्या हवेत ओली पत्ती झाकून राहिली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिला बुरशी येते आणि झाकण उघडताच चिलटं उठतात. ट्रेमध्ये एक गडद रंगाचं सुती फडकंही ठेव. पांढरा टॉवेल दिसला की लोक सांडलेला चहा त्यालाच पुसतात, आणि चहाचा डाग सुकल्यावर जाता जात नाही. ओला असतानाच गार पाण्याखाली धरला तर बहुतेक निघतो. कपात बसलेला तपकिरी थर मात्र साबणाला दाद देत नाही, त्याला ओल्या बोटाने खाण्याचा सोडा चोळायचा.

दोऱ्याकडे लोकांचं लक्ष नसतं आणि अर्धा घोळ तोच करतो. पाणी ओतलं की कागदाची चिठ्ठी दोऱ्यासकट आत पडते आणि मग माणूस गरम चहात बोटं घालतो. म्हणून पाणी ओतायच्या आधी दोरा कपाच्या कानाला एक वेढा देऊन घ्यायचा. कप काठोकाठही भरायचा नाही. भिजलेला सुती दोरा काठावरून बाहेर लोंबत राहिला की तो समईच्या वातीसारखा चहा ओढतो आणि थेंब थेंब बाहेर टाकतो. टेबलावरचे ते गोल डाग पुष्कळदा सांडण्याचे नसतात, या ओढीचे असतात. कप बोटभर रिकामा राहिला आणि दोरा वर कानाशी गुंडाळलेला असला की ही गळती थांबते.

चहाची चव पाण्यावर ठरते. टी-बॅगमध्ये साधारण दोन ग्रॅम पत्ती असते आणि ती अगदी बारीक, चाळणीच्या तळाशी उतरणारी असते. म्हणूनच ती चटकन रंग सोडते. पण पाणी खळखळून उकळलेलं हवं. पिशवी आधी कपात आणि पाणी तिच्या अंगावर, हा क्रम पाळ. गरम पाण्यावर पिशवी टाकली तर आतल्या हवेमुळे ती तरंगत राहते आणि एकाच बाजूने भिजते. पाणी ओतलं, बशी झाकली, तीन-चार मिनिटं हात लावायचा नाही. काढताना दोन वेळा वर-खाली करायची, क्षणभर कपावरच धरून निथळू द्यायची आणि डबीत टाकायची. चमच्याभोवती दोरा आवळून पिळायची लोकांना फार हौस असते. त्याने शेवटचा कडू, तुरट अर्क कपात उतरतो आणि पिशवी फाटली तर सगळी पत्ती चहात येते.

आपल्या माणसांना लागतो दुधाचा चहा. टी-बॅगच्या चहाला पाणचट म्हणून नाकं मुरडली जातात, त्याचं कारण दूध घालण्याची वेळ. दूध आधी ओतलं किंवा पिशवी आत असतानाच ओतलं, की पाणी निवतं आणि पत्ती मुरायची थांबते. आधी पाऊण कपाला कमीच पाणी घ्यायचं, त्यात पिशवी पुरती मुरू द्यायची, काढून टाकायची आणि मग दूध. ज्याला कडक लागतो त्याने तेवढ्याच पाण्यात दोन पिशव्या घालाव्यात. ट्रेमध्ये मी दुधाच्या पावडरीच्या लहान पुड्या ठेवते. बरणीतली पावडर पावसाळ्यात दगड होते. पावडर सगळी एकदम कपात लोटली तर गुठळ्या तरंगतात. रिकाम्या बशीत चमचाभर गरम चहा घेऊन त्यात ती कालवायची आणि मग कपात सोडायची. साखरही पुड्यांतच ठेव, नाहीतर मुंग्यांची रांग पलंगापर्यंत जाईल.

किटलीत दूध तापवू नका, हे मात्र ठळक लिहून ठेव. दूध तळाशी करपतं, उतू जातं, आणि एकदा का तो वास बसला की पुढचे कितीतरी दिवस पाण्याला येत राहतो. किटलीत मॅगी शिजवणारेही भेटतील. त्यांना सरळ सांगायचं, स्वयंपाकघरात या, करून देते.

आलं हवं असेल तर ते खोलीतल्या ट्रेचं काम नाही, ते आठच्या चहाला. आलं पाण्यात आधी चांगलं उकळून मग दूध घालायचं, नाहीतर कच्च्या आल्याने दूध नासतं, हे तुझ्या आईने तुला शिकवलंच असेल. पण गवती चहा कपातसुद्धा घालता येतो. मोरीच्या पाण्यावर तुमच्याकडे त्याचं बेट आहेच. सकाळी कात्रीने दोन पाती कापायच्या, ओढायच्या नाहीत, धारेने बोटं कापतात. धुवून प्रत्येक पातीची एक घट्ट गाठ मारायची. कपात टी-बॅगबरोबर ती गाठ टाकायची आणि पिशवीबरोबर चमच्याने उचलून काढायची. तुकडे तोंडात येत नाहीत, गाळणं लागत नाही, आणि पाहुणा वासाने खूश होतो. बशीत दोन गाठी मांडून ठेवल्यास सासूबाईंनाही पाहुणचार दिसेल.

विहिरीच्या पाण्याचं जपून. एप्रिल-मे मध्ये किनाऱ्यालगतच्या विहिरी मचूळ होतात. त्या पाण्याचा चहा कितीही उकळला तरी खारट-उग्र लागतो आणि त्यावर पातळ तवंग धरतो. किटलीसाठी नळाचं किंवा फिल्टरचं पाणी वेगळ्या तांब्यात भरून ठेव. किटलीच्या तळाला पांढरा थर दिसला की पाण्यात लिंबू पिळून एकदा उकळ, अर्धा तास तसंच राहू दे आणि ओतून टाक.

पिशव्या कोणत्या घ्यायच्या, यात माझं मत पक्कं आहे. त्रिकोणी, रेशमासारख्या चकचकीत जाळीच्या पिशव्या दिसायला सुंदर असतात, पण त्यातल्या बऱ्याच नायलॉनच्या किंवा तशाच दुसऱ्या प्लास्टिकच्या असतात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा पिशव्या ९५ अंश सेल्सियसच्या पाण्यात ठेवून पाहिल्या, तेव्हा एकेका पिशवीतून अब्जावधी सूक्ष्म प्लास्टिककण सुटल्याचं त्यांनी नोंदवलं. त्या आणू नकोस. कागदी पिशव्यांतही फरक असतो. कडा दाबून, तापवून चिकटवलेल्या पिशवीच्या कागदात बहुधा प्लास्टिकचे तंतू मिसळलेले असतात, कारण त्यावाचून त्या चिकटत नाहीत. दुहेरी घडीची, वर दोऱ्याने गाठ मारलेली पिशवी घे. तिला चिकटवायची गरज नसते आणि दोन कप्पे असल्याने पाणी चहूबाजूंनी शिरतं. पूर्वी तिथे स्टेपलची पिन असायची. ती सुटून पोटात जाण्याचा धोका म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये पिनांची पद्धत बंद करायला सांगितलं. कुठे जुन्या साठ्यातलं पिनेचं खोकं स्वस्तात मिळालं तर घेऊ नकोस, कारण वापरलेली पत्ती आपण झाडांना घालणार आहोत.

ती घालायची अशी. डबी रिकामी करताना पिशवी फाडायची, पत्ती माडाच्या आळ्यात किंवा मोगऱ्याच्या कुंडीत पसरायची, दोरा आणि चिठ्ठी वेगळी. साध्या कागदाची पिशवीही कुजते. एखादी कुजत नसेल, पाऊस संपला तरी तिची बारीक जाळी मातीत तशीच दिसत असेल, तर त्यात प्लास्टिक आहे असं समज आणि पुढच्या वेळी दुसरा छाप आण. दूध-साखर लागलेली पत्ती मात्र झाडांना घालू नकोस, मुंग्या येतात.

पावसाळ्यात टी-बॅगा सादळतात. पुठ्ठ्याचं खोकं उघडं राहिलं की आठवड्याभरात पत्तीचा वास उडतो, आणि चहा दुसऱ्याचा वास लगेच धरतो. आपल्या घरात सुकट, सोडे, बोंबील साठवलेले असतात. त्याच फडताळात चहा ठेवलास तर पाहुण्याच्या पहिल्याच घोटाला बोंबील लागेल. खोलीच्या कपाटात डांबराच्या गोळ्या असतील तर ट्रे त्या कपाटात कधीच नको. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि खोलीत एका दिवसापुरत्याच पिशव्या, माणशी दोन-तीन. हिशेब राहतो, नासधूस होत नाही.

चार-सहा माणसं एकत्र पडवीत बसली आणि तुझ्या हाताला दुसरं काम असलं, तर कपागणिक पिशवी नको. चिनी मातीची किटली आधी गरम पाण्याने विसळून घे, चार पिशव्यांचे दोरे एकत्र गाठून आत सोड, पाणी ओत, झाकण ठेव. चार मिनिटांनी चारही एकदम बाहेर. पिशव्या स्वयंपाकघरातच राहतात, पडवीत फक्त चहा जातो. ज्यांना दूध नको त्यांच्यासाठी लिंबाच्या फोडी ठेव. कोरा चहा तर टी-बॅगचाच चांगला होतो, आणि लिंबू पडलं की रंग कसा खुलतो ते मुलांना बघायला आवडतं.

वीज जाईल, हे धरूनच चाल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तुमच्या आणि आमच्या दोन्हीकडच्या वाड्या झोपल्या, खांब पडले आणि वीज यायला फार दिवस लागले. दूधही येत नव्हतं. तेव्हा नारळाच्या सोडणांवर पाणी उकळून थर्मासमध्ये भरायचं आणि दिवसभर कोरा चहा करायचा, असं कितीतरी घरांनी केलं. एरवीही पावसात रात्री-अपरात्री वीज जातेच. म्हणून प्रत्येक खोलीमागे एक चांगला थर्मास घेऊन ठेव. भरण्याआधी त्यात उकळतं पाणी घालून दोन मिनिटं ठेवायचं, ते ओतून टाकायचं आणि मग पुन्हा उकळतं भरायचं. पाणी जास्त वेळ गरम राहतं. तरी रात्री भरलेलं पाणी पहाटेपर्यंत उकळतं राहत नाही. त्या पाण्यात पिशवी सहा-सात मिनिटं ठेवावी, आणि बशी झाकायला विसरू नये.

राहिली इलेक्ट्रिक किटली. ती विकत घेण्याआधी वायरमनला बोलाव. बाजारातल्या बहुतेक किटल्या १५०० वॅटच्या असतात, म्हणजे आपल्या २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर वीज ओढतात. तुमच्या मागच्या खोल्यांतले प्लग जुने, सहा अँपिअरचे आहेत, पंखा आणि मोबाइल चार्ज करण्यापुरते. त्यावर रोज किटली चालली तर प्लग तापेल आणि वितळेल. १६ अँपिअरचा पॉवर प्लग, जाड वायर आणि नीट अर्थिंग करून घे. जागा पलंगाजवळ नको, मच्छरदाणीपासून लांब, लहान मुलाचा हात पोचणार नाही अशा दगडी फडताळावर, आणि वायर लोंबकळणार नाही इतकी आखूड. विजेच्या बिलाची चिंता करू नकोस, लिटरभर पाणी उकळायला एक दशांश युनिटच्या आसपास वीज लागते. आतून स्टीलची आणि पाणी उकळलं की आपोआप बंद होणारीच किटली घे. वायरमन कधी येतो ते कळव, म्हणजे त्या बेताने अलिबागच्या बाजारातून ट्रे आणि डब्या घेऊन मी येते.

तुझी,
मावशी